सातपुडा : पाखरांचा सेतू की पाखरांची सीमा?

पर्वताकडे पाहण्याच्या दोन दृष्टी इतिहासात आढळतात. राज्यकर्त्याला पर्वत भिंतीसारखा वाटतो. वाटसरू त्यातील खिंड शोधतो. आपल्या सातपुड्याच्या वाट्याला बहुधा पहिलीच दृष्टी आली. उत्तरापथ कोठे संपतो आणि दक्षिणापथ कोठे सुरू होतो, हे सांगताना विंध्य-सातपुड्याकडे बोट दाखवण्याची रीत फार जुनी आहे. भूगोलाच्या पुस्तकांनी ती उचलली आणि शाळाशाळांतून ती रुजली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर व वऱ्हाड मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा नव्या मध्यप्रदेशात राहिला. तेव्हापासून तर सौंसर-पांढुर्ण्याच्या मराठी माणसाला सीमा या शब्दाचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही. २०२३ मध्ये या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्हा बदलला, पण सीमेवरचे राहणे कायम आहे.

अशा या पर्वताला एका अगदी वेगळ्या शास्त्राने १९४९ साली 'राजमार्ग' म्हटले, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. त्या राजमार्गावरून जाणारे ना सैन्य होते, ना वणजाऱ्यांचे तांडे. ती होती दमट पर्वतीय अरण्यात राहणारी, किडे-चिलटे टिपून जगणारी, मुठीत मावतील एवढी पाखरे. ही कल्पना कशी जन्मली, तिला कोणी आधार दिला, पुढे तिच्यावर कोणते आक्षेप आले आणि आज तिच्यातून आपल्या हाती काय उरले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय पक्षिशास्त्राचा वाटला तरी तो इतिहासाचाच आहे. कारण भूतकाळाविषयीचा निष्कर्ष कोणत्या पुराव्यावर काढावा, हाच त्यातील मुख्य प्रश्न आहे.

प्रथम भूमीची ओळख करून घेऊ. पांढुर्ण्याजवळून वाहणारी जाम नदी कन्हानला मिळते; कन्हान वैनगंगेला आणि वैनगंगा पुढे प्राणहितेच्या रूपाने गोदावरीला. शेजारच्या मुलताईच्या पठारावर तापीचा उगम आहे आणि त्याच मुलखात वर्धा नदीही उगम पावते. उत्तरेकडे छिंदवाड्याचे पठार ओलांडले की पाणी नर्मदेकडे धावू लागते. म्हणजे एका दिवसाच्या प्रवासाच्या टप्प्यात तीन मोठ्या नद्यांची खोरी एकमेकांना पाठ लावून बसलेली आहेत. दक्षिणेस काळ्या मातीचा, कापसाचा आणि संत्र्याच्या बागांचा सपाट प्रदेश. तेथून रामाकोना सोडून छिंदवाड्याच्या वाटेला लागले की सिल्लेवानीचा घाट चढावा लागतो. घाटाच्या माथ्यावर साग व मोहाचे कोरडे रान असले, तरी ओढ्यांच्या घळींत सावली, ओल आणि गारवा असतो. त्याही उत्तरेस, महादेवाच्या डोंगरात, पचमढी आहे. सातपुड्याचे सर्वोच्च शिखर धूपगड तेथेच असून त्याची उंची सुमारे १३५० मीटर आहे. तेथे वर्षाकाठी सुमारे २००० मिलिमीटर पाऊस पडतो. खोल दऱ्यांत ऊन क्वचितच पोहोचते, आणि त्या दऱ्यांत वृक्षनेचे वाढतात. वृक्षनेचा ही वनस्पती ओल्या, सदाहरित अरण्याची खूण समजली जाते. भोवती शेकडो मैल पानगळीचे रान पसरलेले असताना मध्येच हा ओल्या अरण्याचा तुकडा कसा आला, हे कोडे पाहणाऱ्याच्या मनात उभे राहतेच.

आता पाखराकडे वळू. आपल्या चर्चेसाठी एकच पाखरू प्रमुख म्हणून घेऊ : राखी डोक्याची माशीमार. लांबी सुमारे पाच इंच. डोके, मान आणि छाती राखी. डोक्यावर किंचित उभारलेला तुरा. पाठ हिरवट आणि पोट हळदीसारखे पिवळे. फांदीवर ती ताठ बसते, अकस्मात झेप घेऊन हवेतले चिलट टिपते आणि पुन्हा बहुधा त्याच फांदीवर परतते. इतर लहान पाखरांच्या मिश्र थव्यात ती हमखास असते आणि तिचा चुळबुळ्या, खणखणीत आवाज तिच्या देहाच्या मानाने फार मोठा वाटतो. घरटे ती शेवाळ आणि कोळ्याचे जाळे यांचे करते. ओलसर खडकाला किंवा शेवाळलेल्या खोडाला ते अर्ध्या वाटीसारखे चिकटवलेले असते. शेवाळ हवे म्हणजे ओल हवी, आणि ओल हवी म्हणजे दाट सावली हवी. त्यामुळे भारतात तिची वीण मुख्यत्वे दोन ठिकाणी होते : एक हिमालयात आणि दुसरे दूर दक्षिणेस सह्याद्रीच्या नीलगिरीकडील भागात. सातपुड्यातील आपल्या रानांत ती दिसते ती प्रामुख्याने हिवाळ्यात. थंडीबरोबर ती उतरते आणि ऊन तापू लागले की नाहीशी होते.

या पाखराच्या शास्त्रीय नावातच त्याच्या भूगोलाचे कोडे दडलेले आहे. विल्यम स्वेन्सन याने १८२० साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला सिंहलद्वीपाचे नाव दिले. हिमालयात जाऊन घरटे बांधणारे पाखरू आजही 'सिलोनेन्सिस' म्हणूनच ओळखले जाते. पुढे १८७१ मध्ये रॉबर्ट स्विन्हो याने त्याच्या गणाला 'क्युलिसिकापा' असे लॅटिन नाव दिले. अर्थ असा की चिलटे पकडणारी. उत्तरेच्या टोकाला आणि दक्षिणेच्या टोकाला एकच जात, आणि मध्ये जवळजवळ दोन हजार किलोमीटरचा कोरडा मुलूख. असे पाखरू हे एकटेच नाही. मोठा धनेश आणि नीलपरी हे पक्षीही पूर्व हिमालयाच्या बाजूस व सह्याद्रीत आढळतात. मधल्या भारतात ते नाहीत. काही बाबतींत जात एक नसून दोन भावकीच्या जाती दोन टोकांना बसलेल्या दिसतात. ताटातूट झालेली ही कुटुंबे एके काळी एकत्र होती काय, आणि असल्यास ती कोणत्या वाटेने पांगली?

हा प्रश्न विचारता येण्यासाठी आधी पाखरांची नोंद व्हावी लागली, आणि त्या नोंदीचा बराचसा आरंभ मराठी मुलखात झाला हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करणारा कर्नल विल्यम हेन्री साईक्स याने १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. झुडपांच्या तळाशी पाने उलथून किडे शोधणारा वाकड्या चोचीचा सातभाई त्यानेच शास्त्राला प्रथम परिचित करून दिला. हा पक्षी सह्याद्रीत आहे, सातपुड्यातही आहे, आणि त्याचे निकटचे भाऊबंद हिमालयात आहेत. त्यानंतर थॉमस जर्डन हा लष्करी वैद्य आला. त्याच्या नोकरीची काही वर्षे जालन्याच्या छावणीत गेली. १८६२ ते १८६४ या काळात प्रसिद्ध झालेला त्याचा 'भारतातील पक्षी' हा ग्रंथ पुढील कित्येक दशके सर्व अभ्यासकांचा आधार ठरला.

तिसरे नाव अहमदनगर जिल्ह्याचे आहे. अमेरिकन मराठी मिशनचे सॅम्युएल फेअरबँक यांची कर्मभूमी त्या जिल्ह्यातील वडाळे हे गाव. खंडाळा, महाबळेश्वर आणि बेळगाव या भागांतील पक्ष्यांची त्यांनी केलेली यादी १८७६ साली 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात आली. उन्हाळ्यात ते दक्षिणेत पळणीच्या डोंगरावर जात. तेथे मिळवलेले पक्षी त्यांनी भूगर्भशास्त्रज्ञ विल्यम ब्लॅनफर्ड यांच्याकडे पाठवले. त्यांत पांढऱ्या पोटाचे, शोला अरण्याच्या तळाशी राहणारे, किडे खाणारे एक गडद निळे लहान पाखरू होते. हसल्यासारखा कलकलाट करणारा, सातभाईंच्या गोतातला दुसरा एक पक्षीही होता, आणि त्याला ब्लॅनफर्डने फेअरबँक यांचेच नाव दिले. या दोन पाखरांची आठवण वाचकांनी ठेवावी. कथेच्या उत्तरार्धात ती फार महत्त्वाची साक्ष देणार आहेत.

ब्लॅनफर्ड हा केवळ नामकरण करणारा नव्हता. वर्धेच्या खोऱ्यात त्याने भूगर्भाचे काम केले होते आणि मध्य भारत त्याच्या पायाखालचा होता. हेन्री मेडलिकॉट याच्यासमवेत त्याने १८७९ साली भारताच्या भूगर्भशास्त्रावर जो ग्रंथ लिहिला, त्यात या कोड्याचे एक उत्तर सुचवलेले आहे. हिमयुगात संपूर्ण देशाचे हवामान थंड झाले असावे. त्या वेळी हिमालयातील वनस्पती व प्राणी मैदानात उतरून दक्षिणेपर्यंत पसरले असावेत. पुढे उष्णता वाढली तेव्हा मैदानातले नष्ट झाले आणि नीलगिरी, पळणी अशा उंच डोंगरांवर चढलेले तेवढे बचावले. या विचारात सातपुड्याला वेगळे स्थान नव्हते. थंडी सर्वत्रच होती, मग वाट विशिष्ट असण्याचे कारण नव्हते.

सातपुड्याला ते स्थान दिले सुंदरलाल होरा यांनी. १८९६ साली पंजाबात जन्मलेले होरा मत्स्यशास्त्रज्ञ होते आणि पुढे भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. त्यांचे लक्ष पक्ष्यांवर नव्हते. ते होते डोंगरी ओढ्यांतील माशांवर. जोरदार प्रवाहात खडकाला चिकटून राहता यावे म्हणून काही माशांच्या अंगाखाली शोषक चकतीसारखी रचना असते. असे मासे आसामच्या डोंगरांत आहेत आणि सह्याद्रीतही आहेत. मैदानातल्या संथ, कोमट, गढूळ पाण्यात ते जगू शकत नाहीत. तेव्हा, होरा म्हणाले, आसामपासून सह्याद्रीपर्यंत धावत्या ओढ्यांची एक अखंड साखळी कधीतरी असलीच पाहिजे. आणि नकाशावर अशी साखळी एकच दिसते : राजमहालच्या टेकड्या, छोटा नागपूरचे पठार, विंध्य-सातपुडा आणि मग सह्याद्रीचे उत्तर टोक. हिमयुगाच्या ओल्या कालखंडांत हे डोंगर आजच्यापेक्षा उंच व दमट असावेत, असे त्यांनी गृहीत धरले. हीच 'सातपुडा उपपत्ती'. पक्षी उडून जाऊ शकतो, वाऱ्याने बी उडते. पण मासा डोंगर चढून येत नाही. म्हणून माशाची साक्ष होरांना सर्वांत विश्वसनीय वाटली, आणि तसे वाटणे तर्काला धरून होते.

१९४९ साली राष्ट्रीय विज्ञान संस्थेच्या (आजच्या भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या) कार्यवृत्तात या उपपत्तीवर एक परिसंवादच प्रसिद्ध झाला. होरांचा लेख त्यात होता. भूगर्भाच्या बाजूने जे. बी. ऑडन यांनी चर्चा केली होती. आणि पक्ष्यांच्या बाजूने लिहिले होते सालिम अली यांनी. होरा आणि सालिम अली या दोघांचाही जन्म १८९६ चा, हा एक योगायोग. सालिम अलींच्या लेखाच्या शीर्षकाचा भावार्थ 'सातपुड्याची रांग : पक्ष्यांचा एक राजमार्ग' असा होता. मध्य भारतातील संस्थानांच्या पक्ष्यांचा त्यांचा अभ्यास ह्यू व्हिसलर यांच्यासमवेत १९३९-४० मध्ये प्रसिद्ध झाला होता, त्यामुळे हा मुलूख त्यांना अपरिचित नव्हता. हिमालयी व मलबारी वळणाच्या ज्या पक्षिजाती सातपुड्यातील ओल्या कोपऱ्यांत टिकून आहेत, त्यांच्याकडे त्यांनी जुन्या वाटेवरील मैलाच्या दगडांप्रमाणे पाहिले. सह्याद्रीतील धबधब्यांपाशी शीळ घालणारा मलबारी कस्तूर पचमढीच्या दऱ्यांतही आहे, हे त्याचे सर्वांना पटणारे उदाहरण.

या ठिकाणी आपल्या प्रांतातील दोन नोंदकर्त्यांचे ऋण मानले पाहिजे. पचमढीच्या पक्ष्यांवर बी. बी. ऑस्मास्टन यांचा लेख १९२२ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाचे, म्हणजे आपल्या अजब बंगल्याचे, ई. ए. डी'अब्र्यू यांनी जुन्या मध्यप्रांतातील पक्ष्यांची यादी १९३५ साली त्याच नियतकालिकात दिली. त्या काळी सौंसर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. पोळ्याचे बैल पाहायला किंवा लग्नाचा बस्ता बांधायला नागपूरला गेलेले आपल्याकडचे लोक अजब बंगल्यात डोकावून येत. तेथील काचेच्या कपाटात बसलेली पाखरे त्यांना गंमत म्हणून दिसली. त्या पाखरांच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवरचे गाव आणि तारीख हाच खरा ऐतिहासिक दस्तऐवज होता, हे मात्र सांगणारे कोणी नव्हते.

उपपत्ती मोहक होती, आणि मोहक उपपत्तीची परीक्षा अधिक कठोरपणे व्हावी लागते. पहिला आक्षेप भूगर्भशास्त्राचा. हिमयुगासारख्या अलीकडच्या काळात सातपुडा व विंध्य एवढे उंच होते आणि नंतर झिजून आजच्या उंचीला आले, याला पुरेसा पुरावा मिळाला नाही. दुसरा आक्षेप वाटेसंबंधी. राजमहाल आणि गारो टेकड्यांच्या मध्ये गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळाने भरलेली रुंद खिंड आहे. साखळीची पहिलीच कडी तेथे तुटते. तिसरा असा की सातपुडा हीच एकमेव वाट का मानावी? पूर्व घाटानेही ओलाव्याची पाखरे दक्षिणेस गेली असू शकतील, असे म्हणणारे अभ्यासक होतेच. चौथा आक्षेप आपली राखी डोक्याची माशीमार स्वतःच घेते. दर हिवाळ्यात हिमालयातून निघून मध्य भारताच्या कोरड्या मैदानांवरून ती येथे येते. ज्या पाखराला दोन पंख पुरतात, त्याच्यासाठी अरण्याचा सेतू कल्पावा कशाला?

या शेवटच्या आक्षेपाला उत्तर आहे. हिवाळ्याचा पाहुणा आणि घरटे बांधणारा रहिवासी या दोन भिन्न गोष्टी आहेत. संत्र्याच्या बागेतही चार महिने काढता येतील, पण शेवाळाचे घरटे बागेत होत नाही. शिवाय सर्वच पाखरे अशी प्रवासी नसतात. जंगलाच्या तळाशी, सावलीत राहणारी कित्येक लहान पाखरे उघडे मैदान ओलांडण्याचे नावच काढत नाहीत. याचा सर्वांत बोलका पुरावा दक्षिणेत मिळाला, आणि तो देणारी पाखरे फेअरबँक यांनी पाठवलेलीच होती.

त्या गडद निळ्या पाखराला आणि नीलगिरीतील त्याच्या भावाला शंभरावर वर्षे हिमालयातील एका पक्षिगणाचे नातलग मानले गेले होते. बांधा सारखा, राहणी सारखी, आखूड पंख सारखे. तेव्हा वंशही एकच असणार असा समज. २०१७ साली व्ही. व्ही. रॉबिन आणि त्यांचे सहकारी यांनी या पाखरांच्या आनुवंशिक द्रव्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. निष्कर्ष असा निघाला की हिमालयातील त्या समजल्या गेलेल्या भावांशी यांचे जवळचे नाते नाही. ती माशीमारांच्या कुळातील आहेत, आणि हिमयुगाच्या कितीतरी आधीपासून सह्याद्रीत स्वतंत्रपणे नांदत आहेत. त्यांच्यासाठी 'शोलिकोला' हा नवा गण स्थापन झाला आणि तेथल्या लोकांच्या बोलीतील 'शोलाकिळी', म्हणजे शोलातले पाखरू, हे नाव शास्त्राने स्वीकारले. फेअरबँक यांचे नाव धारण करणाऱ्या कलकलाट्या पक्ष्यालाही असाच वेगळा गण मिळाला. त्याच अभ्यासात दिसले की पालघाटच्या खिंडीच्या उत्तरेला शोलाकिळीची एक जात आहे आणि दक्षिणेला दुसरी. ही खिंड जेमतेम तीस-चाळीस किलोमीटर रुंद. पण मुठीएवढ्या पाखराला ती समुद्रासारखी ठरली.

येथे आपल्याच समाजातील एक उदाहरण उपयोगी पडेल. कुलकर्णी, देशपांडे, पाटील ही आडनावे वतनावरून आली. दोन गावांतले दोन पाटील एकाच रक्ताचे असतातच असे नाही. ते एकच काम करीत होते एवढेच आडनाव सांगते. पाखरांचेही तसेच आहे. अंधाऱ्या, ओल्या रानाच्या तळाशी किडे टिपण्याचे काम ज्याला करावयाचे, त्याचे पंख आखूड होतात, पाय लांब होतात, रंग गडद होतो. मग त्याचा वंश कोणताही असो. 'माशीमार' हा शब्दही वतनी आडनावासारखाच आहे. मध्यप्रदेशाचा राज्यपक्षी दूधराज, ज्याला मराठीत स्वर्गीय नर्तक म्हणतात. आपल्या ओढ्यांकाठी वर्षभर राहणारी टिकेलची निळी माशीमार. आणि हिवाळ्यात येणारी राखी डोक्याची माशीमार, ही तिन्ही हवेत झेप घेऊन किडे पकडतात. त्यांना एकाच नावाखाली घालण्याची रीत आहे, पण आजच्या वर्गीकरणानुसार ही तीन वेगळी कुळे आहेत. त्यांपैकी राखी डोक्याच्या माशीमारीचे जवळचे गणगोत तर आफ्रिकेत निघाले, आणि हे नाते एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उघडकीस आले. सारखेपणावरून सोयरिक ठरवणे किती धोक्याचे असते, याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

मग सातपुडा उपपत्ती खोटी ठरली काय? एवढा घाईचा निकाल देणे इतिहासाच्या विद्यार्थ्याला शोभणार नाही. २००३ साली प्रवीण कारंथ यांनी 'करंट सायन्स'मध्ये या प्रश्नाची मांडणी नव्याने केली. प्रत्येक जातीचा वंशवृक्ष आधी तपासावा. दोन टोकांच्या जाती खरोखर नातलग आहेत काय ते ठरवावे. असल्यास त्यांची ताटातूट केव्हा झाली ते पाहावे. आणि मगच वाटेविषयी बोलावे, असा त्या मांडणीचा रोख आहे. म्हणजे सर्व प्रवाशांसाठी एकच राजमार्ग शोधण्याचे दिवस संपले. काही पाखरे सातपुड्यावरून गेली असतील, काही पूर्व घाटाने, काही कुठेच न जाता जिथल्या तिथे निराळी झाली असतील. होरांचे मोठेपण याने उणावत नाही. त्यांनी विचारलेला प्रश्न नसता तर या तपासण्या कोणी केल्याच नसत्या. चुकीचे का असेना, पण तपासता येईल असे उत्तर देणारा अभ्यासक ज्ञानाला पुढे नेतो. तपासताच येणार नाही असे सुरक्षित बोलणारा त्याला आहे तेथेच ठेवतो.

आणि काही गोष्टी या वादांनंतरही उभ्याच आहेत. पचमढीचे वृक्षनेचे उभे आहेत, मलबारी कस्तुराची शीळ उभी आहे, वाकड्या चोचीचा सातभाई सह्याद्रीप्रमाणे सातपुड्यातही पाने उलथतो आहे. यांचा अर्थ समजून घ्यायला जाम नदीचे चैत्र-वैशाखातले पात्र पाहावे. पावसाळ्यात अखंड वाहणारी नदी उन्हाळ्यात डोहाडोहांत तुटते. दोन डोहांतले मासे आज एकमेकांना भेटू शकत नाहीत, पण ते एकाच पुराचे आहेत. हवामानाचा इतिहासही असाच ओल्या-कोरड्या ऋतूंचा आहे. फक्त त्याचे ऋतू हजारो वर्षांचे असतात. ओल्या काळात दमट अरण्ये पसरली, कोरड्या काळात आटली आणि खोल दऱ्यांत डोहांसारखी शिल्लक राहिली. सातपुड्यातील या घळी म्हणजे आटलेल्या अरण्याचे डोह होत. हिमालयापर्यंतचा अखंड सेतू सिद्ध झाला नाही. पण सह्याद्री आणि सातपुडा यांच्यामधील नाते तरी या डोहांवरून स्पष्ट दिसते.

डोहाचे एक दुःख असते. तो एकदा आटला की पुढचा पूर येईपर्यंत त्यात मासा नसतो. आणि ज्या पुराची वाट पाहायची तो हजारो वर्षांनी येणारा असेल तर वाट पाहण्याला अर्थ राहत नाही. पालघाटच्या खिंडीने शिकवलेला धडा येथे आठवावा. मोठ्या जनावरांसाठी आपल्या भागात काही विचार झाला आहे. १९८१ साली सातपुडा राष्ट्रीय उद्यान झाले, १९९९ साली पचमढी जैवक्षेत्र घोषित झाले व छिंदवाडा जिल्ह्याचा काही भाग त्यात आला. पेंच आणि मेळघाट येथे व्याघ्रप्रकल्प आहेत. सातपुडा आणि पेंच यांच्या मधली वने वाघाच्या ये-जा करण्याची वाट म्हणून ओळखली जातात. नागपूर-शिवनी महामार्गावर पेंचच्या रानात जनावरांसाठी रस्त्याखालून मार्गही केले गेले. परंतु वाघाला लागणारी वाट आणि मुठीएवढ्या पाखराला लागणारी वाट एक नव्हे. वाघ रात्रीत उघडे शेत ओलांडतो. ओढ्याकाठची जांभळे, अर्जुन, करंज तुटले, खालची झुडपे जळाली, पाणी पंपाने उपसले गेले, की लहान पाखराची वाट तेथेच संपते. ओढा कागदावर असतो, जंगलही कागदावर असते. सावली मात्र गेलेली असते.

आपल्या भागातील वाटांचा इतिहासही या दृष्टीने वाचता येईल. विसाव्या शतकाच्या आरंभी नागपूर-छिंदवाडा छोटी गाडी सौंसरवरून घाट चढू लागली. वळणे घेत, डोंगराला वळसा घालीत ती जात असे. २०१५ च्या अखेरीस ती बंद झाली आणि गेज-परिवर्तनानंतर त्या मार्गावर मोठी गाडी आली. रस्ते रुंद झाले, घाट सोपे झाले. माणसाला सीमा ओलांडणे सुलभ व्हावे यात वाईट काही नाही. सौंसर-पांढुर्ण्याच्या लोकांनी तर त्यासाठी दीर्घकाळ मागणी केली आहे. विचार एवढाच करावयाचा की माणसासाठी उघडलेली प्रत्येक वाट दुसऱ्या कोणासाठी भिंत होऊ नये. घळीवर पूल बांधताना खालचा ओढा आणि त्याच्या दोन्ही काठांवरची झाडे राखणे हे अशक्य काम नाही.

शेवटी भाषेविषयी दोन शब्द, कारण हे पृष्ठ साहित्याचे आहे. शोलाकिळी हे बोलीतले नाव शास्त्रात गेले, कारण तेथील लोकांपाशी नाव होते आणि विचारणाऱ्याने ते आदराने विचारले. मराठीत हे काम मारुती चितमपल्ली यांनी केले. वनखात्याच्या नोकरीत नवेगावबांध व मेळघाटच्या रानांत राहून त्यांनी वनवासींकडून पाखरांची नावे ऐकली, टिपली आणि 'पक्षिकोश' मराठीला दिला. २००६ साली सोलापूरच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा अरण्याच्या शब्दसंपत्तीलाच तो मान मिळाला असे म्हणता येईल. जून २०२५ मध्ये ते गेले. त्यांचे काम मेळघाटापाशी थांबलेले नाही असे म्हणावयाचे असेल, तर सिल्लेवानीच्या घाटात, तामियाकडील पातालकोटात, गोंड, कोरकू आणि भारिया म्हाताऱ्यांच्या तोंडी असलेली पाखरांची नावे गोळा झाली पाहिजेत. जिल्ह्यातील प्रत्येक शाळेने एक वही ठेवावी. राखी डोक्याची माशीमार हिवाळ्यात प्रथम कोणत्या तिथीला दिसली आणि शेवटची कोणत्या तिथीला, कोणत्या ओढ्याकाठी, एवढेच तीत लिहावे. साईक्स, फेअरबँक, डी'अब्र्यू यांनी याहून फार वेगळे काही केले नव्हते. त्यांनी गाव आणि तारीख लिहून ठेवली. त्या चिठ्ठ्यांच्या आधारेच पुढच्यांनी उपपत्ती रचल्या आणि त्याच चिठ्ठ्यांच्या आधारे त्या तपासल्या.

उपपत्ती चुकली तर ती पुन्हा लिहिता येते. संग्रहालयाचे कपाट शंभर वर्षांनी उघडले तरी चिठ्ठी वाचता येते. घळीतले शेवटचे पाखरू गेल्यावर मात्र त्या घळीला काहीही विचारता येत नाही. सातपुडा सेतू होता की सीमा, याचा निकाल अजून लागलेला नाही. आणि तो लागेपर्यंत साक्षीदार जिवंत ठेवणे हे या पर्वताच्या पायथ्याशी राहणाऱ्यांचे काम आहे.